जिममधल्या नजरा: आठ महिने वापरून पाहिलेले उपाय, कुठले टिकले आणि कुठले फसले

जिममध्ये कुणी टक लावून बघत असेल तर काय करावं, याचे सल्ले ढिगाने मिळतात. हेडफोन लावा, ढगळ टी-शर्ट घाला, दुपारी जा, लक्षच देऊ नका. यातले बहुतेक उपाय आठवड्याचे चार-पाच दिवस असे सलग आठ महिने वापरून झाल्यावरची ही नोंद. आधीच सांगायचं तर, अंगावर आणि कानात घालायच्या उपायांनी फार काही साधलं नाही. सगळ्यात उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी: खात्री पटताच खणखणीत आवाजात बोललेलं एक साधं वाक्य, आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत पाठवलेला ईमेल.

आधी ओळखायचं कसं ते. हलक्या व्यायामात दोन सेटच्या मधे ६० ते ९० सेकंद विश्रांती असते, जड स्क्वॉट-डेडलिफ्टला दोन-तीन मिनिटं. तेवढा वेळ दमलेला माणूस समोर कुठेतरी बघत बसतो, आणि जिममध्ये समोर आरसाच असतो. आरशात तुम्हाला त्याचे डोळे दिसत असतील तर त्यालाही तुमचे दिसतात. नुसता दमलेला असेल तर नजरानजर होताच डोळे हलतात आणि त्याचा पुढचा सेट सुरू होतो. पाच मिनिटं झाली, डंबेल पायाशी पडलेत आणि सेट काही सुरू होत नाही, ही पहिली खूण. खात्री करायला जागा दोनदा बदलायची. केबल मशीनवरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन १२ रेप्सचा (आवर्तनांचा) एक सेट, मग तिसऱ्याच ठिकाणी आणखी एक. दोन्ही वेळा तो शेजारच्या मशीनवर येऊन टेकला तर योगायोग संपला. दहा मिनिटांत निकाल लागतो. याच वेळी मोबाइलवर वेळ आणि मशीनचं नाव टिपून ठेवायचं, ते पुढे कामी येतं.

आता लोकप्रिय उपाय. कानावर बसणारे मोठे हेडफोन दुरूनही दिसतात, त्यामुळे ‘मॅडम, किती सेट राहिलेत?’ म्हणून गप्पा सुरू करणारे कमी होतात, इतपत फायदा खरा. बघणाऱ्यावर त्यांचा काडीचा परिणाम नाही. एप्रिल-मेमध्ये आतून घामाने चिंब होतात, बेंचवर पाठ टेकली की सरकतात, आणि मुख्य म्हणजे मागून कोण आलं ते कळत नाही. शेवटी एकाच कानात छोटा इअरबड, दुसरा कान मोकळा, यावर गाडी थांबली. टोपीने त्याची नजर अडत नाही, आपल्याला आरसा दिसायचा मात्र बंद होतो. ढगळ टी-शर्ट तर सरळ नापास. हिप थ्रस्टला बारखाली गोळा होतो, वाकून रोइंग करताना गळ्यातून उघडा पडतो, आणि बघणारा कपडे बघून बघत नसतो. अंगाबरोबर बसणारा, वाकल्यावर जागचा न हलणारा टी-शर्ट बरा. त्यात निदान आपलं लक्ष व्यायामावर राहतं.

दुपारची वेळ कागदावर छान दिसते. गर्दी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, म्हणजे दुपारी शांतता असणार. पण शांतता म्हणजे फ्लोअर ट्रेनर जेवायला गेलेला, रिसेप्शनवर कुणी नाही, हॉलमध्ये तुम्ही आणि आणखी दोघे. त्या दोघांपैकी एक तोच निघाला तर साक्षीलाही माणूस नाही. त्यापेक्षा संध्याकाळची साडेआठची गर्दी परवडली. लेडीज बॅच असेल तर उत्तमच, पण ती अशा वेळेला ठेवतात की नोकरी करणारीला जमूच नये, आणि कित्येक ठिकाणी वीजबिल वाचवायला तेव्हा एसी बंद असतो. जिम बायकांसाठी काय करतं, ते त्या तासाभरात बसून बघावं.

जागा निवडण्याचा मात्र खरोखर फायदा झाला. भिंतीला पाठ येईल अशा बाजूने उभं राहायचं. रोमानियन डेडलिफ्ट, गुड मॉर्निंग, केबल किकबॅक यांत आपण वाकतो आणि मागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून हे प्रकार भिंतीकडे पाठ करून. कोपरा मात्र टाळायचा. कोपऱ्यात मागून कुणी येत नाही हे खरं, पण समोर कुणी वाट अडवून उभा राहिला तर निघायला जागा नसते, आणि खांबाआडचा कोपरा कॅमेऱ्यात येतच नाही. रिसेप्शनच्या टीव्हीवर सगळे कॅमेरे चौकोनांत दिसतात. नाव नोंदवायच्या दिवशीच तिथे उभं राहून कुठला भाग दिसत नाही ते बघून घ्यावं. दोन मिनिटांचं काम.

दुसरा मोठा फायदा रॅकच्या सेफ्टी बारचा, म्हणजे वजन हातातून सुटलं तर ते झेलणाऱ्या आडव्या दांड्यांचा. अंगाला खेटायचं सगळ्यात सोपं निमित्त म्हणजे ‘स्पॉट देतो’, म्हणजे वजन उचलताना आधाराला उभा राहतो. स्क्वॉटला स्पॉट देणारा मागे अगदी चिकटून उभा राहतो आणि त्याचे हात काखेखालून छातीपाशी येतात. ती पद्धत खोटी नाही, फक्त गरज नसताना तीच वापरली जाते. नुसता २० किलोचा बार घेऊन तुमच्या सर्वात खालच्या स्थितीपर्यंत बसा आणि सेफ्टी बार त्याच्या दोन-तीन बोटं खाली लावा. बेंच प्रेसला पाठीची कमान धरून बार छातीला टेकवा, सेफ्टी बार त्याच्या किंचित खाली पण गळ्याच्या वर. मग ‘स्पॉटची गरज नाही, बार लावलेत’ एवढं सांगून विषय मिटतो. बेंचला सेफ्टी बार नसतील तर डंबेल प्रेस, ते दोन्ही बाजूंना खाली ठेवता येतात.

आता बोलण्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक म्हणजे प्रश्न विचारणं. ‘काय बघताय?’ म्हटलं की उत्तर तयार असतं: ‘मी कुठे? मी आरशात बघतोय.’ पुढे वाद, आणि वादात तो हसतोय, आवाज तुमचा चढलाय. म्हणून प्रश्न नको, सूचना द्यायची. सौम्य रूप: ‘दादा, माझे अजून तीन सेट आहेत, तुम्ही पलीकडचं मशीन घ्या.’ निम्मे लोक इथेच जातात. नाही गेला तर: ‘दादा, माझ्याकडे बघत उभे राहू नका. तिकडे व्हा.’ प्लीज नाही, सॉरी नाही, ओशाळं हसू तर अजिबात नाही. आवाज ओरडण्याचा नको, पण गाण्याच्या वर जाऊन शेजारच्या दोघांना ऐकू गेला पाहिजे. ‘दादा’ मुद्दाम ठेवायचं. त्याने समोरच्याचा मान राखला जातो आणि ‘उद्धट आहे हो बाई’ म्हणायला जागा उरत नाही. दुसऱ्या वाक्यानंतर तिसरं बोलायचं नाही. सरळ फ्लोअर ट्रेनरकडे जायचं, बोट दाखवून माणूस ओळखून द्यायचा आणि वेळ सांगायची.

त्रास ट्रेनरचाच असेल तर वाक्य वेगळं: ‘सर, हात न लावता सांगा.’ व्यायामाची ढब दुरुस्त करायला हात लावावाच लागतो, ही थाप आहे. चांगला ट्रेनर आधी तोंडाने सांगतो, मग स्वतः करून दाखवतो, तरी जमलं नाही तर काठी आणतो. डेडलिफ्टला पीव्हीसीचा पाइप पाठीवर उभा धरायचा: डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही टेकलेले राहिले तर पाठ सरळ. पाइप तुमचा तुम्हीच धरू शकता. हात लावणं खरंच गरजेचं वाटलं तर ‘कोपर धरू का?’ असं विचारून, उत्तर ऐकून, तेवढंच कोपर. एकदा सांगूनही कमरेवर हात गेला तर तो विसराळूपणा समजू नये.

व्हॉट्सअ‍ॅपचा त्रास वेगळाच. नाव नोंदवायच्या फॉर्मवर दिलेला नंबर पीटीकडे (पर्सनल ट्रेनरकडे) जातो आणि रात्री साडेदहाला ‘आज दिसला नाहीत’ येतं. इथे दुर्लक्ष उलटतं. एकदाच, लेखी आणि स्वच्छ लिहायचं: ‘बॅचच्या वेळेशिवाय मला मेसेज करू नका.’ त्यानंतर उत्तर द्यायचं नाही. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, त्यामुळे तो ‘नको’ कुठेतरी लिहिलेला असणं मोलाचं. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर आणि तारीख दिसू द्या. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा, ब्लॉक नंतर.

आता ज्याच्यावर सगळं अडतं तो डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. साधं गणित आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे १७० जीबी. डीव्हीआरमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क असेल तर सहाव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवं रेकॉर्डिंग चढतं. ‘बघू या, महिनाअखेर मालक येतील तेव्हा बोलू’ असं गोड बोलणारा मॅनेजर कळत-नकळत नेमके हेच सहा दिवस घालवतो. म्हणून तोंडी तक्रार केली त्याच रात्री ईमेल, मॅनेजरला आणि मालकाला दोघांनाही. मजकूर एवढाच पुरतो:

‘दि. १२ रोजी सायं. ७.१० ते ७.४० या वेळेत केबल मशीनजवळ काळा टी-शर्ट घातलेले एक सभासद माझ्याकडे सतत बघत होते. दूर व्हायला सांगितल्यावरही ते दोनदा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि शेरा मारला. संध्याकाळच्या बॅचचे ट्रेनर तेव्हा हजर होते. सायं. ६.४५ ते ८.०० चं रेकॉर्डिंग वेगळं काढून जपून ठेवावं, संबंधितांना लेखी ताकीद द्यावी, आणि आपल्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचं नाव व ईमेल कळवावा. तीन दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.’

मारलेला शेरा जसाच्या तसा लिहायचा, ‘अश्लील बोलला’ असं मोघम नको. वेळ पुढेमागे वाढवून मागायची, कारण डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटं चुकलेलं असतं. रेकॉर्डिंग स्वतःच्या हातात मागू नये. जिम नाही म्हणतं आणि इतरांच्या खासगीपणाचं कारण पुढे करतं. ‘जपून ठेवा’ याला नाही म्हणता येत नाही, आणि पुढे पोलिस ते ताब्यात घेऊ शकतात.

अंतर्गत समितीचं, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचं, नाव काढलं की मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण ‘तो कायदा ऑफिसचा’ असा सार्वत्रिक गैरसमज आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथे नोकरी न करणाऱ्या बाईलाही लागू होतो, आणि जिम हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहेच. १० किंवा अधिक माणसं कामाला असतील तर समिती सक्तीची, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. त्याहून लहान जिम असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. अर्जाच्या सहा प्रती लागतात. ट्रेनरविरुद्ध हा रस्ता नीट चालतो. त्रास देणारा दुसरा सभासद असेल तर समिती त्याला ‘कामावरून’ काढू शकत नाही, पण तुमची इच्छा असल्यास पोलिसात तक्रार करायला मदत करणं ही जिमच्या मालकाची जबाबदारी ठरते.

पोलिसांत जाताना अपेक्षा योग्य ठेवाव्यात. नुसत्या बघण्यावर गुन्हा उभा राहणं अवघड. त्याला हावभाव, आवाज, शेरा जोडला गेला की भारतीय न्याय संहितेचं कलम ७९. लैंगिक शेरे आणि नकोसा स्पर्श कलम ७५ मध्ये. विनयभंगाच्या हेतूने अंगावर हात टाकला तर कलम ७४, शिक्षा एक ते पाच वर्षं. चेंजिंग रूममध्ये चोरून बघणं किंवा चित्रीकरण कलम ७७. या कलमांखाली बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, आणि ‘हद्द आमची नाही’ हे कारण चालत नाही, झीरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद) घ्यावाच लागतो. तिथल्या तिथे मदत हवी तर ११२.

फ्लोअरवर कुणी रीलच्या नावाखाली तुमचं चित्रीकरण करत असेल तर फोन हिसकावू नका आणि ‘डिलीट कर’ म्हणूनही सांगू नका. डिलीट केलं की पुरावा गेला, आणि कॉपी कुठे पोचली ते कळतही नाही. ट्रेनरला बोलावून त्याच्यासमोर क्लिप बघायची, वेळ टिपायची, मग ठरवायचं.

राहिले पैसे. गुढीपाडव्याच्या आणि नव्या वर्षाच्या ऑफरला भुलून बारा महिन्यांचे एकदम भरले की जिम निवांत होतं, तक्रारीला धार राहत नाही. आधी एक महिना, फार तर तीन. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ छापलेलं असलं तरी सुरक्षित जागा न दिल्याबद्दल उरलेल्या महिन्यांची रक्कम मागता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतात, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नाव घालायला जाल तेव्हा भिंतीवर समितीच्या सदस्यांची नावं लावलेली आहेत का ते बघा. बोर्ड नसेल तर रिसेप्शनवर विचारा. ‘कसली समिती?’ असं उत्तर आलं तर पाकीट उघडायची घाई नको, एक दिवसाची ट्रायल घेऊन निघा.