जुनी सीडी दाखवा आणि पुढे जा: विंडोज एक्सपीची अपग्रेड सीडी

माझ्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर राखून ठेवलाय. त्याची हार्ड डिस्क गेली, नवी बसवली आणि एक्सपीची अपग्रेड सीडी, म्हणजे आधीचं विंडोज विकत घेतलेल्यांसाठीची सीडी, बऱ्याच वर्षांनी बाहेर काढली.

अपग्रेड सीडी लावायची तर आधीचं विंडोज मशीनवर असायलाच हवं, असं बऱ्याच जणांना वाटतं. एक्सपीला तशी गरज नाही. सीडीवरून बूट केलं. निळ्या स्क्रीनवर सेटअपनं सांगितलं, आधीचं विंडोज सापडत नाही, जुनी सीडी टाका. मी विंडोज ९८ ची सीडी ट्रेमध्ये ठेवून एंटर दाबलं. ड्राइव्ह नुसताच घरघरत राहिला. सीडी काढून उजेडात धरली तर बारीक ओरखडे आणि बोटांचे ठसे. मऊ कापडानं मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली, गोल फिरवून नाही. दुसऱ्या खेपेला वाचली गेली, एक्सपीची सीडी परत मागितली आणि कोऱ्या डिस्कवर काम सुरू झालं.

९८, एमई, २०००, एनटी ४ या जुन्या विंडोजपैकी एक्सपी प्रोफेशनलला काहीही चालतं. ९५ मात्र चालत नाही. जुन्या सीडीची ‘की’, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायचा कोड, विचारत नाहीत, त्यामुळे कुणाचीही उसनी सीडी चालून जाईल, हा कच्चा दुवा आहेच. तरीही मला हीच पद्धत सगळ्यात पटते. ज्यानं पैसे मोजलेत त्याच्या हातात पुरावा असतो आणि तो कधीही दाखवता येतो.

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टानं हे काढून टाकलं. जुनं विंडोज चालू असताना त्याच्या आतूनच अपग्रेड सुरू करायचं. म्हणजे डिस्क गेली की आधी जुनं चढवा, मग त्यावर नवं. उलट ‘की’ न देता व्हिस्टा टाकून त्याच्याच आतून पुन्हा सेटअप चालवला, तर तो अपग्रेड मान्य करायचा. प्रामाणिक गिऱ्हाइकाला दुप्पट काम आणि पळवाट उघडीच, हे मला आजही खटकतं.

विंडोज १० नं २०१५ मध्ये पुरावा सर्व्हरवर नेला. एकदा अपग्रेड झालं की त्या मशीनच्या हार्डवेअरची ओळख तिथे नोंदली जाते. पुन्हा इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडायचं, इंटरनेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. सोय मोठीच आहे, पण मदरबोर्ड बदलला की ओळख जुळत नाही. २०१६ च्या अपडेटपासून लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. हे बोर्ड बदलण्याआधीच करून ठेवा.

एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला, त्यामुळे हे मशीन मी नेटला जोडत नाही. ९८ च्या सीडीला नवं कव्हर घातलंय आणि आता ती एक्सपीच्याच डब्यात आहे, कारण तिच्याशिवाय एक्सपीची सीडी कोऱ्या डिस्कवर चढणार नाही.