पायाखालचा काटा: नऊ महिने वापरून

पहिल्याच दिवशी काट्यावर उभा राहिलो आणि आकडा आला १९४.९. बायको तिथंच परातीत भाकरीचं पीठ मळत होती. तिनं आकडा बघितला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अहो, दोन क्विंटलला पाच किलो कमी भरुलालाव की!" काट्याच्या पोटाखाली एक बारकं बटण असतं. ते दाबल्यावर पौंडाचे किलो झाले आणि आकडा आला ८८.४. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला हेही काही कौतुकाचं वजन नाही, पण पोत्यातनं तरी बाहेर आलो.

काटा म्हणजे अंघोळीच्या खोलीबाहेर ठेवतात तो काचेचा, चार चकचकीत पट्ट्यांचा, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा. ऑनलाइन १,४९९ रुपयांना मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच घडणीचे काटे वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते एका नावापुरतं नसावं.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे, एकवीस वर्षं झाली. माल उतरला, काटा झाला, पट्टी लिहिली, पैसे दिले, दिवस संपला. उठबस अशी नाहीच. गेल्या जूनमध्ये रक्त तपासलं तर एचबीए१सी ६.३ निघालं. ही साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह दारात येऊन चपला काढतोय. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता देत नाही. चाला, खाणं बघा, सहा-सात किलो उतरवा." दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसूनच काटा मागवला. वजन घटवण्याच्या कामात माझी पहिली मेहनत एवढीच.

आता काट्याकडं.

आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. देवघरापाशी ८८.४, दारापाशी ८७.२, मोरीजवळ ८८.९. एका घरात तीन वजनं! फरशी थोडी जरी उंचसखल असली तरी चारही पाय सारखे टेकत नाहीत, आणि या काट्याचं सगळं गणित त्या चार पायांखालीच असतं. शेवटी कपाटाशेजारची एक सपाट फरशी सापडली. तिच्यावर मुलीच्या नेलपेंटनं चार कोपरे आखले. तेव्हापासून काटा तिथून हललेला नाही. कंपनीच्या कागदावर 'कठीण व सपाट पृष्ठभाग' एवढंच छापलंय, तेही इंग्रजीत.

दुसरी खोड जास्त बेरकी आहे आणि ती मला महिन्यानं कळली. ओळीनं चार दिवस आकडा आला ८६.७. दशांशही हलेना. माणसाचं वजन चार दिवस दशांशाला धरून बसत नाही. एकवीस वर्षं काट्यासमोर काढल्यावर एवढं तर कळतंच. म्हणून उतरलो, भरलेला तांब्या हातात घेतला आणि परत चढलो. ८६.७. तांब्या चांगला सव्वा किलोचा असता तर काटा हलला असता, पण हा लहान, भरून सहा-सातशे ग्रॅमचा. मग मुलीचं दप्तर काट्यावर ठेवलं, तो आकडा येऊ दिला आणि मग तांब्यासकट चढलो. ८७.३! म्हणजे नवीन वजन आधीच्या वजनाच्या आसपास असलं तर हा पठ्ठ्या मोजतच नाही, जुनाच आकडा पुढं करतो. चारदा चढलो तर चारदा सारखंच वजन आलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक खूश.

यार्डात असं कुणी केलं तर शेतकरी बाजार बंद पाडतील. तिथल्या काट्याची वैधमापनवाले तपासणी करून शिक्का मारतात. घरच्या काट्याला कोण विचारतंय? पण ज्याचं वजन आठवड्याला दीडशे ग्रॅमनं उतरतंय, त्याच्यासाठी ही खोड म्हणजे घातच. तो घाम गाळतोय आणि काटा त्याला परवाचाच आकडा दाखवतोय. उपाय सोपा आहे. रोज आधी पाच किलोचा पिठाचा डबा ठेवायचा, आकडा आला की उचलायचा, मग आपण चढायचं. डबा नेहमीचाच असतो, त्यामुळं काट्याचीही रोज परीक्षा होते.

एवढं केल्यावर मात्र काटा खरा निघाला. एका रविवारी पिशवीत घालून आडतीवर नेला. आमच्या शिक्क्याच्या काट्यावर मी ८६.२ आणि ह्याच्यावर ८६.१. वीस किलोचं माप ठेवलं तर बरोब्बर वीस. वजनाच्या बाबतीत माझी तक्रार नाही.

चरबीच्या बाबतीत आहे. मोबाईलवर चरबी, स्नायू, पाणी, हाडं, 'शरीराचं वय' अशी बारा-तेरा रकान्यांची पट्टीच निघते. माझं शरीराचं वय आलं ५८. मी ४७ चा. दुपारी परत चढलो तर ५५. जेवणाच्या सुट्टीत तीन वर्षं तरुण झालो! हे चालतं कसं, तर काटा एका पायातून अगदी बारीक करंट सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. अंगातल्या पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडतो. त्या अडथळ्यावरून आणि आपण भरलेल्या वय-उंचीवरून तो अंदाज बांधतो. करंट पायातून पायात जातो, म्हणजे त्याची वाट मुख्यतः कमरेखालून. माझा सगळा माल तर कमरेच्या वर साठलाय. शिवाय पाणी कमी प्यालो, चालून घामेजून आलो, टाचांच्या भेगा वाढल्या, की आकडा फिरला. सकाळी चरबी ३१ टक्के, संध्याकाळी २८. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय त्यांनी असल्या काट्यावर चढूच नये, ही सूचना मात्र कागदाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात आहे. ती डब्यावर ठळक पाहिजे होती.

त्यामुळं ते रकाने मी बघायचं सोडलं आणि दहा रुपयांची शिंप्याची टेप आणली. बेंबीपाशी १०६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत पाहिजे म्हणतात.

आता मूळ दुखणं. वजन उतरत नाही. म्हणजे उतरतं, पण गोगलगायीनं. मी काय सोडलं ते आधी सांगतो. आडतीवर दिवसाला सहा चहा ठरलेले. शेतकरी आला की चहा, हमालांबरोबर चहा, सौदा झाला की चहा, सौदा फिसकटला तरी चहा. एका कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. सहा कपांची झाली साठ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे बाकी काहीही न करता नुसती साखर सोडली तर कागदावर महिन्याला जवळजवळ एक किलो. चहा सोडणं आडतीवर शक्य नाही, माणसं वाईट वाटून घेतात. साखर सोडली. पहिले पंधरा दिवस तो चहा चहा वाटतच नव्हता. यार्डाबाहेरच्या गाड्यावरची भजी सोडली, गल्ल्याच्या खणात फुटाणे ठेवले. ज्वारीच्या तीन भाकरींच्या दोन केल्या आणि त्यांच्याआधी वाटीभर मटकीची उसळ. आणि सकाळी साडेपाचला पाऊण तास चालणं. गंजगोलाईला, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. रोज वेगळ्या रस्त्यानं आत शिरायचं आणि दुसऱ्यानं बाहेर पडायचं, असा खेळ लावला. कंटाळा येईपर्यंत सोळा दिवस जातात, मग पहिला रस्ता परत नवा वाटतो.

पहिल्या महिन्यात दोन किलो गेले. मी उडतच होतो. नंतर गाडी मंदावली, आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ८४ ला जी रुतली ती हलेचना. नऊ दिवसांचा उपवास धरला होता, वाटलं आता तरी उतरेल. पण खाल्लं काय, तर साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, वर बटाटा. देवीला नैवेद्य आणि काट्याला काहीच नाही. त्यात सोयाबीनचा हंगाम. रात्री दहा-दहापर्यंत आडतीच्या गादीवर हिशोब. एके दिवशी काटा दिवाणाखाली ढकलला आणि सकाळी गाड्यावर जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली. खोटं कशाला बोलू, चव लागली.

त्याच दिवशी दुपारी आमच्याकडं एका शेतकऱ्याचा माल लागला. मॉइश्चर मीटरवर ओलावा अठरा टक्के दाखवला. हमीभावाच्या खरेदीचा नेहमीचा निकष बाराचा, खाजगी खरेदीदारही ओल्याला भाव पाडून मागतो. शेतकरी म्हणाला, "मुनीमसाब, परवा घरच्या काट्यावर जास्त भरुलालतं. वाळवलं तं कमी झालं." मी त्याला नेहमीचा हिशोब सांगितला, की अठराचा एक क्विंटल बारावर वाळवला तर त्र्याण्णव किलो भरतो. सात किलो पाणी होतं, दाणा एकही गेलेला नाही. सांगता सांगता माझाच मी थांबलो. रोज परक्याच्या मालाचा ओलावा मोजणारा माणूस मी, आणि स्वतःच्या अंगाचा ओलावा हिशोबात धरलाच नव्हता. दिवसाला किलो-दीड किलो इकडंतिकडं हे पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न. त्याच्याखाली दीडशे ग्रॅम चरबी जाते ती दिसणार कशी?

त्या रात्री जुना रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढला. रोज सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी एक आकडा लिहायचा, पण त्याच्याकडं बघायचं नाही. रविवारी सातांची बेरीज, भागिले सात, आणि फक्त तोच आकडा शेजारच्या आठवड्याशी ताडायचा. मागचे आकडे मोबाईलमध्ये होतेच, ते उतरवून घेतले. रुतलेल्या म्हणवणाऱ्या त्या पाच आठवड्यांच्या सरासऱ्या निघाल्या ८४.३, ८४.२, ८४.२, ८४.०, ८३.८. गाडी हलत होती. मीच खिडकीतून उलट्या बाजूला बघत होतो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, याची पक्की परीक्षा झाली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, 'ओलगे ओलगे सालम पोलगे'चा गजर, आणि मग भज्जी, उंडे, खीर, माठातली आंबील. त्या दिवशी मी डाएट हा शब्द उच्चारला असता तर सासऱ्यांनी कडब्यात पुरला असता. दुसऱ्या दिवशी काट्यावर १.९ किलो जास्त. जूनमधला मी असतो तर उपाशी राहिलो असतो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खाल्लं असतं. या वेळी आकडा लिहिला, समोर 'येळवस' असं लिहिलं आणि चालायला गेलो. पिष्टान्न जास्त झालं की शरीर ते साठवतं आणि एका ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाचव्या दिवशी सगळं जागेवर.

रोजमेळात आणखी दोन रकाने आहेत, 'चाललो' आणि 'साखर नाही'. रविवारी आधी ते मोजतो, वजन नंतर. चालणं माझ्या हातात आहे. वजन कधी उतरायचं ते वजन ठरवतं.

मोबाईलच्या ॲपला यातलं काही कळत नाही. वजन दोनशे ग्रॅम वाढलं की लाल बाण आणि रडका चेहरा. आठवड्याची सरासरी आहे, पण तीन वेळा बोट फिरवल्यावर सापडते. मराठी नाही. मध्येच एकदा अपडेट आलं आणि ऑगस्टचे सगळे आकडे उडाले. कस्टमर केअरला चार मेल केले, चारही वेळा 'ॲप काढून परत टाका' एवढंच उत्तर. वहीत होतं म्हणून वाचलो. सेल मात्र चांगले टिकतात, नऊ महिन्यांत एकदाच बदलले.

माझा हिशोब असा: ८८.४ वरून ८१.९. एकोणचाळीस आठवडे, साडेसहा किलो. कंबर १०६ ची ९८. एचबीए१सी ५.९. डॉक्टर "ठीक आहे, चालू ठेवा" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. ९० ची कंबर अजून लांब आहे.

काट्याला पाचपैकी तीन. वजनाचे चार दिले असते, ॲपनं एक खाल्ला. आज घ्यायचा झाला तर मी ब्लूटूथ नसलेला, पाच-सहाशेचा साधा काटा घेईन, पण आधी तांब्याची परीक्षा करून. आणि ज्याचा दिवस आकड्यावर ठरतो त्यानं कुठलाच घेऊ नये. माझ्या साडूनं माझं बघून हाच मागवला. दिवसातून चारदा चढायचा, जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा. तिसऱ्या आठवड्यात भांडण होऊन काटा माळ्यावर गेला. परवा त्यांच्याकडं गेलो तर त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती.