दोन सूत पत्रा आणि साडेसहाशे डॉलर

माझे वडील कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं दुकान चालवायचे. गेट, ग्रिल, टाक्यांचे स्टँड, उसाच्या ट्रॉल्यांची डागडुजी. पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून जाडी सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. त्यांचा मुलगा टेक्सासात पत्र्याच्याच जाडीत फसला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण मे महिना आला की इथे आपल्यातला कोणी ना कोणी पहिला स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची लोखंडी भट्टी, शोधायला निघतोच.

आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला राहतो. तासाभरावर लॉकहार्ट. 1999 साली टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. (असले ठराव करायला आपल्याकडेही वेळ मिळाला तर कोल्हापूरच्या मटणाचा नंबर पहिला.) ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, आमच्या घरात चालत नाही. पण डुकराचा खांदा, बरगड्या, टर्की, बकऱ्याची मांडी, सगळं लाकडाच्या धुरावर होतं. ग्रिलवर मांस भाजतात ते थेट आचेवर. स्मोकरमध्ये आग एका बाजूच्या पेटीत आणि मांस शेजारच्या आडव्या पिंपात, 225 ते 250 फॅरनहाइटवर, आठ-दहा तास. याला ऑफसेट म्हणतात. ही धग तासन्‌तास एकसारखी धरून ठेवायची तर पत्रा जाड हवा. चांगल्या ऑफसेटचा पाव इंच असतो. वडिलांच्या भाषेत दोन सूत. दुकानात अडीचशे डॉलरच्या आत मिळणारे असतात ते जेमतेम दीड मिलिमीटरचे. जरा वारा आला की ताप कोसळतो आणि माणूस दिवसभर लाकडं घालत बसतो.

दोन सूतवाला नवा घ्यायचा तर हजाराच्या पुढे. म्हणून जुना बघायचं ठरवलं.

जाहिरात होती नऊशेची. ‘पाव इंच स्टील, घरी वेल्ड केलेला.’ मी मेसेज केला आणि पहिली माती तिथेच खाल्ली. गप्पिष्टपणाने लिहून गेलो की माझे वडील वेल्डिंगचं काम करायचे, म्हणून मला हाताने बनवलेल्या वस्तूची किंमत कळते. दहा मिनिटांत उत्तर आलं, हा स्मोकर त्याच्याही वडिलांनीच वेल्ड केलेला. वडील गेले, आता तो ॲरिझोनाला चाललाय, योग्य घरात जावा एवढीच इच्छा. मूळ जाहिरातीत वडिलांचं नावही नव्हतं. माझ्या मेसेजातून त्याला वडील मिळाले, हे मला महिन्याभराने सुचलं.

घासाघीस केली. नऊशेचे आठशे, आठशेचे साडेसहाशे. त्या रात्री मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, “बाबांना फोटो पाठव ना आधी.” म्हटलं, त्यांना एकदम पेटवलेलाच दाखवू. मग त्याचा मेसेज: आणखी तिघं रांगेत आहेत, शंभर आत्ता टाक, तुझ्यासाठी ठेवतो. फोनवरून टाकले.

साडेसहाशेवर माझा संशय का जागा झाला नाही, तेही सांगतो. दोनशेला दिला असता तर मी म्हटलं असतं, काहीतरी गडबड आहे. नऊशेवर अडून बसला असता तर चार ठिकाणी चौकशी केली असती. हा आकडा बरोबर मधे बसत होता.

शनिवारी हायवे 183 लगतच्या एका गोदामांच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. घरी नाही, कारण ‘घर आवरायला काढलंय’. स्मोकर काळाभोर, चकचकीत. दार उघडून दाखवलं, दाराची कड हातात धरायला लावली. जाडजूड. मी अंगठ्याने मोजली, दोन सूत. उरलेले साडेपाचशे रोख दिले. मग त्याने एका बाजूने धरला, मी दुसऱ्या बाजूने, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून आम्ही दोघांनी तो भाड्याच्या पिकअपमध्ये ठेवला.

इथे जरा थांबा. लोखंडाच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे 7.85 किलो. हा आकडा मी आठवीत असल्यापासून वडिलांच्या वहीच्या पहिल्या पानावर बघत आलोय. पिंप 20 इंच व्यासाचं, 40 इंच लांब, शेजारी 20 इंचांची चौकोनी पेटी. दोन सूत पत्रा असेल तर नुसता सांगाडाच पावणेदोनशे किलोच्या घरात जातो. दोन माणसांनी तो उचलायचा म्हणजे कंबर हॉस्पिटलात जमा करायची. आणि मी गाडीत बसून काय विचार करतोय, तर अजून अंगात ताकद आहे म्हणायची!

पुढचा रविवार मेमोरियल डेच्या सुट्टीतला, मंडळातली चार घरं जेवायला यायची होती. आठ पाउंडांचा डुकराचा खांदा रात्रीच कांदा-लसूण मसाला चोळून ठेवला. पहाटे पाचला आग लावली. आधी वास आला, लाकडाचा नव्हे, डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये येतो तो. पिंपाच्या आतल्या रंगाला फोड यायला लागले, पापडासारखे. आतून रंग मारलेला असणं हीच मोठी खूण होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मांस असतं त्या भागात रंग मारतच नाहीत, तेल लावून तापवून काळा करतात. आतून ताजा रंग म्हणजे खाली गंज. मग ‘टक्’ असा आवाज झाला आणि आगीच्या पेटीच्या तळातून बशीएवढा तुकडा खाली पडला. मागोमाग निखारे. खाली काँक्रीट होतं म्हणून बरं, लाकडी डेक असता तर आज दुसऱ्याच विषयावर लिहिलं असतं. तो तुकडा लोखंडाचा नव्हताच. गाडीच्या डेंटमध्ये भरतात ती पुट्टी, वरून काळा स्प्रे.

मटेरियल फुकट गेलं तरी मसाला नाही. खांदा धुऊन ओव्हनमध्ये घातला. पाहुणे जेवले, धुराचा वास तेवढा माझ्या कपड्यांना.

दुपारी शेजारचे आजोबा आले. चाळीस वर्षं मागच्या अंगणात मांस शिजवणारा माणूस. काही न विचारता त्यांनी दाराच्या मध्यावर बोट वाजवलं. डबडब. मग कडेला. ठक्क. मला एकदम कोल्हापूरचं दुकान आठवलं आणि कानशिलं गरम झाली. आजोबांनी दारावरचा थर्मामीटर पान्याने काढला आणि म्हणाले, भोकातून बघ. भोकाची कड नखाएवढी पातळ. दाराच्या चारी कडांना आतून दोन सुती पट्टी वेल्ड केलेली होती, म्हणजे हात लावणारा जिथे हात लावणार नेमकी तेवढीच जागा जाड. बाकी सगळा दीड मिलिमीटर. वेल्डिंगचा मणी, म्हणजे सांध्यावरची रेघ, मात्र सुबक होता. ज्याने केलं त्याला काम येत होतं, हे कबूल करायला हवं.

नंबर तोवर ब्लॉक झाला होता. फोनवरून टाकलेल्या शंभरांबद्दल बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. रोखीचा तर प्रश्नच नाही. फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली, जाहिरातही रिपोर्ट केली. स्मोकर भंगारात घातला. काट्यावर भरला 154 पाउंड, म्हणजे 70 किलो. हातात आले नऊ डॉलर.

आता माझ्याकडे वेबर कंपनीचा उभा स्मोकर आहे, 18 इंची, जुनाच. 1981 पासून निघतोय, जवळपास त्याच आकारात. त्याचा पत्राही पातळच आहे, पण तो जाड असल्याचं कुणी सांगत नाही. कोळसा खाली, मधे पाण्याचं भांडं, वर मांस, सहा-सात तास हात लावावा लागत नाही. घेताना झाकण गोल आहे का, दार बसतंय का आणि इनॅमलचे कपचे उडालेत का, एवढं पाहिलं. विकणाऱ्या बाईंनी घरी बोलावलं, चहा विचारला. मी पान्याने थर्मामीटर काढून भोकातून बघितलं तेव्हा त्या जरा चमकल्या.

ऑगस्टमध्ये तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुसरं नाव, तसलाच चकचकीत काळा रंग, मागे त्याच गोदामांची शटरं. साडेआठशे. मी बायकोच्या फोनवरून विचारलं, वजन किती आहे? काट्यावर घालून दाखवाल का?

उत्तर लगेच आलं. आणखी तिघं रांगेत आहेत, शंभर आत्ता टाका.