पोर्ट्समथ बंदरात सहा महिने: मरीना, रॅम्प आणि तिथीचे गणित

मरीनाच्या, म्हणजे खासगी बोटी भाड्याने उभ्या करण्याच्या जागेच्या, कार्यालयाकडून पुढच्या वर्षीच्या कराराचे पत्र मागच्या आठवड्यात आले. भाडे सहा टक्क्यांनी वाढले आहे, आणि ज्या रॅम्पबद्दल जूनपासून मी तीन वेळा लेखी तक्रार केली त्याचा पत्रात उल्लेखही नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमची यॉट 28 फुटी आहे, तीन मराठी कुटुंबांनी मिळून घेतलेली. एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ बंदरातल्या एका मरीनात होती, आणि अधूनमधून आम्ही याच बंदरातल्या दुसऱ्या मरीनांमध्येही पाहुणे म्हणून राहिलो. आमच्या मरीनाचे नाव देत नाही, कारण तिथे दोर पकडायला धावून येणारी माणसे फार चांगली आहेत आणि तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही.

बंदराबद्दल माझे पहिले मत फारसे अनुकूल नव्हते. बंदराचे तोंड अरुंद आहे. एका बाजूला जुन्या पोर्ट्समथचा राउंड टॉवर आणि दुसऱ्या बाजूला गॉस्पोर्टचा ब्लॉकहाउस किल्ला, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यातून नौदलाची जहाजे, आइल ऑफ वाइट बेटाच्या फेरीबोटी आणि फ्रान्सला जाणारी मोठी प्रवासी जहाजे सतत ये-जा करतात. 20 मीटरपेक्षा लहान बोटींनी येताना आणि जाताना, दोन्ही वेळा, पश्चिमेच्या कडेने आखलेल्या स्मॉल बोट चॅनलमधूनच जायचे आणि इंजिन असेल तर ते चालवूनच जायचे, असा नियम आहे. चांगला वारा असताना शीड उतरवून डिझेल जाळायचे हे मला सुरुवातीला अजिबात पटले नव्हते. याविषयीचे माझे मत ऑगस्टमध्ये बदलले. ते पुढे सांगतो.

आधी रॅम्प. मरीनांची तुलना करणारे लोक बर्थचे (बोट लावण्याच्या जागेचे) भाडे, स्नानगृहे, वायफाय, विजेचा दर याबद्दल लिहितात. काठावरून पॉन्टूनवर उतरणाऱ्या रॅम्पबद्दल कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते वयस्कर माणसे बरोबर असतील तर पहिली चौकशी त्याचीच करावी. पॉन्टून म्हणजे तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, काठ मात्र जागचा हलत नाही. पोर्ट्समथला उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या) दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक सुमारे 3.9 मीटर असतो आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत तो साधारण निम्म्यावर येतो. आमच्या मरीनातला रॅम्प मी फोनवरच्या मापकाने मोजला. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो, उधाणाच्या ओहोटीला त्याचा उतार 14 अंशांपर्यंत जातो. अशा उतारावर पिण्याच्या पाण्याचे डबे आणि वाणसामान भरलेली ढकलगाडी खाली नेताना ती माणसालाच ओढत नेते, आणि परतताना गॅसचे सिलिंडर वर चढवायला दोघे जण लागतात.

उतार हा निसर्गाचा भाग आहे, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. माझी तक्रार रॅम्पवर पाय रोवण्यासाठी ठोकलेल्या आडव्या लाकडी पट्ट्यांबद्दल आहे. खालच्या एक तृतीयांश भागातल्या पट्ट्या झिजून फळीच्या पातळीला आल्या आहेत आणि त्यांवर हिरवे शेवाळ धरले आहे. त्यातच हाताचा कठडा रॅम्प संपण्यापूर्वी जवळजवळ दोन मीटर आधीच संपतो, म्हणजे जिथे आधार सगळ्यात जास्त हवा नेमका तिथेच तो नाही.

जूनमध्ये आई रत्नागिरी जिल्ह्यातून आमच्याकडे आली होती. तिचे माहेर हर्णैचे, वय 71, आणि गुडघ्यांचे दुखणे जुने. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही गावातून परत आलो आणि रॅम्पच्या शेवटच्या टप्प्यावर तिचा पाय सरकला. ती बाजूला न पडता खाली बसली म्हणून थोडक्यात निभावले. मनगट सुजले, हाड मोडले नाही. बोटीवर आल्यावर हाताला बर्फ लावत तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आज पुनव ना रे? मग या वेळेला पाणी तळाला गेलेलंच असणार. आधी विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, दोन तास थांबू."

कोकणातल्या माणसांना हा हिशेब माहीत असतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित आपल्या किनाऱ्याचे आहे, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती येते हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. योगायोगाने पोर्ट्समथचे हे अंतर मुंबईच्या जवळपास आहे. उन्हाळ्यात इथली घड्याळे एक तास पुढे असतात, तेवढा तास मिळवला की पौर्णिमेची भरती सव्वाबाराला येते. त्या दिवशी छापील कोष्टकात 12.40 होते. त्यानंतर मी महिनाभर आईचे गणित कोष्टकाशी ताडून पाहिले आणि बहुतेक दिवशी फरक तासाभराच्या आतच राहिला. इथे पाणी चढायला सुमारे सात तास घेते आणि उतरते मात्र पाचेक तासांत, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

यातून आमच्यासारख्यांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. पोर्ट्समथला उधाणाची ओहोटी नेहमी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आसपासच पडते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आठवड्यात फिरून, खरेदी करून, दमून परत येण्याच्या वेळीच रॅम्प सर्वांत उभा असतो. वृद्ध आईवडिलांना किंवा लहान मुलांना बोटीवर आणायचे असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत.

त्यानंतर मी प्रत्येक मरीना रॅम्पवरून पारखू लागलो. बंदराच्या वरच्या टोकाला, पोर्टचेस्टरच्या रोमन तटबंदीच्याही पुढे असलेल्या पोर्ट सॉलेंट मरीनाला लॉकमधून (पाणी अडवणाऱ्या दरवाजांच्या कोंडीतून) आत जावे लागते, त्यामुळे आतले पाणी बाहेरच्यासारखे चार मीटरने खालीवर होत नाही आणि आई तिथे कोणाचा हात न धरता उतरली. मात्र तिथून समुद्र गाठायला बंदराची सगळी लांबी पार करावी लागते, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत तो वेळ जाणवतो. गनवॉर्फ मरीनात 170 मीटर उंच स्पिनेकर टॉवरच्या पायथ्याशी एक रात्र काढण्याचा आनंद वेगळाच आहे. बाहेरून जाणाऱ्या जहाजांच्या लाटा तिथे पोचतात, म्हणून फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून लटकवायचे फुगे) जास्तीचे लावावेत. तिथे जाण्यासाठी मुख्य मार्ग ओलांडताना रेडिओच्या चॅनल 11 वर बंदर नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. हसलर मरीना बंदराच्या तोंडाच्या अगदी आत आहे. हिरव्या रंगाचे जुने दीपजहाज (दीपगृहाचे काम करणारे जहाज) दिसले की ती ओळखता येते. खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना: पाहुण्या बोटीचे भाडे लांबीवर ठरते, म्हणून पुढे आलेला नांगर आणि मागे लटकणारे इंजिन धरून मोजतात की फक्त बोट, हे आधी विचारावे. एका ठिकाणी नांगराच्या टोकापासून मोजून आमच्याकडून पूर्ण नऊ मीटरचे पैसे घेतले गेले.

गॉस्पोर्टच्या बाजूला बर्थ घेतला तर पलीकडे जायला बोट हलवण्याची गरज नाही. गॉस्पोर्ट फेरी चार-पाच मिनिटांत रेल्वे स्थानकाशेजारी सोडते आणि तिथून 1860 साली पाण्यात उतरवलेले लोखंडी युद्धजहाज वॉरियर, नौसेनापती नेल्सनचे व्हिक्टरी आणि 1545 मध्ये बुडून 1982 मध्ये वर काढलेले मेरी रोज पायी गाठता येतात. आईला मात्र जे जहाज आता इथे नाही त्याचीच ओढ लागली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात उतरवलेले ट्रिंकोमाली गेल्या शतकात कित्येक दशके 'फूद्रॉयां' या नावाने याच बंदरात उभे होते. आता ते दुरुस्त होऊन हार्टलपूलला आहे. ते इथे उभे असायचे हे ऐकल्यावर ती फेरीच्या कठड्याशी बराच वेळ पाण्याकडे पाहत उभी राहिली.

आता ऑगस्टची गोष्ट. आईला निरोप देऊन महिना झाला होता आणि आम्ही उधाणाच्या ओहोटीत बंदरात शिरत होतो. तोंडाशी पाणी समोरून इतक्या जोराने येत होते की आमच्या इंजिनाच्या सगळ्या ताकदीनेही किनारा जेमतेम मागे सरकत होता. तेवढ्यात तापमानाचा भोंगा वाजला. थंड पाणी ओढणाऱ्या गाळणीत समुद्री गवत अडकले होते. इंजिन बंद करताच बोट मागे वाहू लागली आणि एक मोठी फेरी बाहेर निघाली होती. चॅनल 11 वर बोलावल्यावर पलीकडच्या माणसाने शांतपणे जागा विचारली, फेरीला आमच्याबद्दल कळवले आणि सहा मिनिटांत गस्तीची लाँच आली. आम्ही त्या कडेच्या चॅनलमध्ये होतो म्हणूनच फेरीच्या वाटेत नव्हतो, आणि केवळ शिडावर असतो तर त्या प्रवाहात आम्ही मुळात कुठे असतो हे मला सांगता येणार नाही. या नियमाविरुद्ध एप्रिलमध्ये मी मित्रांजवळ जे बोललो होतो ते मागे घेतो. इंजिन चालवण्याआधी गाळणी उघडून पाहणे हा आता आमचा ठरलेला क्रम आहे.

रॅम्पच्या बाबतीत मात्र मत बदलण्यासारखे काही घडले नाही. पहिल्या पत्राला "ओहोटीच्या वेळी वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी" असे उत्तर आले. दुसऱ्या पत्रासोबत मी फोटो आणि मोजमापे पाठवली. तिसऱ्यानंतर एका सकाळी सुतार आला आणि त्याने नव्या पट्ट्या ठोकल्या, पण वरच्या अर्ध्या भागात, जिथे शेवाळ कधीच धरत नाही. खालचे काम हिवाळ्यात होईल असे तोंडी सांगितले गेले. पट्ट्या आणि दोन मीटर कठडा यांना लागणारे पैसे आमच्या एकट्या बोटीच्या वाढीव भाड्यातूनही निघतील असा माझा अंदाज आहे, आणि तसे मी कार्यालयाला कळवले आहे.

करारावर आम्ही अजून सही केलेली नाही. खालचे काम झाल्याचा फोटो आणि तारीख लेखी मागितली आहे. ते फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळाले नाही तर भाडे जास्त आणि समुद्र दूर असला तरी आम्ही पोर्ट सॉलेंटला जाऊ. आई मेमध्ये पुन्हा येणार आहे. तिकीट काढण्याआधी तिने पंचांग पाहून कळवले की पहिला शनिवार-रविवार अष्टमीच्या आसपास येईल असे बघ.