गावात एकच फायबर, घ्यायचं तर हेच

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गल्लीत फायबर एकाच कंपनीचं, म्हणून तेच घेतलं. सकाळी सुसाट चालतं, हे कबूल. पण पीकविम्याची मुदत संपत आली की सर्कल फिरत राहतं. ओटीपी येतो तोवर पान एक्स्पायर. बाकावर आधारकार्ड धरून बसलेले आबा विचारतात, "काय भो, आलं का तुझं नेट?" तक्रार केली की पोरगा येतो, राउटर बंद-चालू करतो आणि जातो. ते मलाही येतं!

जोडीला मोबाइल डेटा ठेवलाय, तिथेही तीच गत. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा एअरसेल, टेलिनॉर, डोकोमो अशी बरीच नावं होती. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडियाही एक झाल्या. आता खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जळगावचा माणूस वैतागून १९०० वर मेसेज टाकून नंबर पोर्ट तरी करेल. आमच्याकडे दुसऱ्याची रेंज गच्चीवर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि पोर्ट केलंच तर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही.

फायबरला पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा त्या पोराला, भर उन्हात खांबावर चढतो म्हणून. घ्यायचंच असेल तर वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचंच घ्या.