पोलो खाली बसवली, तरी पोट घासत नाही

भोसरीतल्या एका छोट्या गॅरेजमधून माझ्या पोलो कारला लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग, टाकून घेतल्या. दुसरीकडे एकजण ओरिजिनल स्प्रिंगच कापून देतो म्हणत होता, स्वस्तात, पण कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून सुटू शकते म्हणून नकोच म्हटलं. इथल्या दादांनी आधी गाडी लिफ्टवर चढवून टॉर्च मारून दाखवलं की सगळ्यात खाली काय लटकतंय, सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनखालचं कव्हर, मग म्हणाले ३० एमएमपेक्षा जास्त उतरवू नका, कारण नियमातला स्पीडब्रेकर १०० एमएमच असतो पण आपल्या सोसायट्यांमध्ये नियम बघतंय कोण! पाइपचे रबर सैल पडलेले ते बदलले, बम्प स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारे रबर, छोटे लावले आणि अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात दिली, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. वळणावर आता गाडी कसली चिकटून जाते राव! मागे तिघं बसले की ब्रेकर तिरका आणि अगदी रांगत घ्यायचा, एवढंच. लेबर जरा जास्तच लावतात आणि सांगितलेल्या वेळेत गाडी मिळेल असं समजू नका. इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवायचा असतो, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही.