रेडिऑन आर९ २९५एक्स२ की टायटन झेड?

दोन्ही ग्राफिक्स कार्डं २०१४ ची, पहिलं एएमडीचं, दुसरं एनव्हिडियाचं; दोन्हींवर दोन-दोन ग्राफिक्स चिप. टायटन झेड ३७५ वॅट खातं, रेडिऑन ५००. गंमत म्हणजे वीज पुरवणारे दोन आठ-पिनी कनेक्टर आणि मदरबोर्डवरचा स्लॉट मिळून नियमाप्रमाणे ३७५ वॅटच देतात. रेडिऑन ती मर्यादा सरळ ओलांडतं. म्हणजे पॉवर सप्लाय दणकट हवा, प्रत्येक कनेक्टरला स्वतंत्र केबल हवी. शिवाय रेडिऑन पाण्याने थंड होतं, त्याचा पाइपांना लटकलेला १२० मिमीचा रेडिएटर कॅबिनेटमध्ये कुठे बसवायचा ते आधी बघा. टायटनला पाण्याची भानगड नाही, पण ते तीन स्लॉट अडवतं आणि चिपचा मूळ वेग ७०५ मेगाहर्ट्झवर उतरवलेला. बाजारात आली तेव्हाची किंमत? रेडिऑनच्या १,४९९ डॉलरसमोर टायटनचे २,९९९! नुसत्या गेमिंगसाठी दुप्पट पैसे मोजणं मला तरी पटत नाही. डबल प्रिसिजनची (म्हणजे ६४-बिट, जास्त अचूक) गणितं करायची असतील तर गोष्ट वेगळी.